फोनच्या लाइनवरचं ब्रॉडबँड स्लो चालतंय? नागपुरातले नेहमीचे प्रश्न

हे पान तांब्याच्या तारेवरून, म्हणजे लँडलाइनच्या जोडणीवरून नेट घेणाऱ्यांसाठी आहे. शहरात फायबर बरंच पसरलं, तरी जुन्या वस्त्यांमध्ये आणि एकाच नंबरवर वर्षानुवर्षं राहिलेल्या घरांमध्ये ही लाइन अजून आहे. तिच्यावर मुलांचा अभ्यास चालतो, पेन्शनची कामं होतात, परदेशातल्या लेकीशी व्हिडिओवर बोलणं होतं. ती नीट चालावी हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि बऱ्याचदा थोडी तपासणी घरीच करता येते.

माझा प्लॅन ८ एमबीपीएसचा आहे, पण डाउनलोड १ च्या आतच राहतो. फसवणूक आहे का?

नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल उतरताना संगणक मेगाबाइट दाखवतो. ८ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून ८ एमबीपीएसची लाइन उत्तम चालली तरी सेकंदाला १ मेगाबाइटच उतरणार. प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच मिळतं, कारण डेटा पोहोचवण्याच्या यंत्रणेतच दहा ते पंधरा टक्के खर्च होतो. मोडेम ८ वर जोडला गेला असेल आणि स्पीड टेस्ट ६.८ किंवा ७ दाखवत असेल, तर लाइन ठणठणीत आहे. तीच टेस्ट २ किंवा ३ वर अडकली, तर पुढे वाचा.

टेस्ट करायची योग्य पद्धत कोणती?

मोबाइलवर वायफायने केलेली टेस्ट लाइनबद्दल काहीच सिद्ध करत नाही. मोडेमपासून लॅपटॉपला सरळ केबल लावा, घरातले बाकी सगळे फोन आणि टीव्ही नेटवरून काढा आणि मग टेस्ट घ्या. सकाळी, भर दुपारी आणि रात्री जेवणानंतर, अशी दिवसातून तीनदा घ्या आणि आकडे वहीत लिहून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर ही वही फार कामाची ठरते.

केबलवर स्पीड पूर्ण आणि वायफायवर अर्धा येत असेल, तर दोष लाइनचा नाही. मोडेम लोखंडी कपाटामागे, टीव्हीमागे किंवा जिन्याखाली असेल तर आधी तो बाहेर काढा. जुने मोडेम फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि दाट वस्तीत शेजारपाजारची सगळी वायफाय त्याच पट्ट्यात असतात. मोडेमच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा वाटेल तो निवडा. महाल-इतवारीच्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत दोन खोल्यांपलीकडे सिग्नल मरतो. तिथे चॅनल बदलून काही होत नाही, केबल ओढून दुसरा राउटर लावावा लागतो.

फोनवर बोलताना खरखर येते. तिचा नेटशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. माझ्या मते घरच्या घरी करता येणारी सगळ्यात मोलाची तपासणी हीच, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

मोडेम लाइनवरून पूर्ण काढा. साधा फोन, शक्यतो तारेचा, सरळ मुख्य जोडणीत लावा. रिसीव्हर उचला, डायल टोन येईल. आता कोणताही एक आकडा दाबा. टोन थांबेल आणि काही सेकंद लाइन अगदी शांत व्हायला हवी. त्या शांततेत कान देऊन ऐका. बारीक खरखर, चरचर, घूं असा सलग आवाज किंवा दुसऱ्याच कुणाचं अस्पष्ट बोलणं, यांपैकी काहीही ऐकू आलं तर तारेत दोष आहे. खरखर म्हणजे बहुधा गंजलेला किंवा ढिला जोड. सलग घूं आवाज आला तर तार कुठेतरी जमिनीला किंवा ओलीला लागलेली असते. दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत असेल, तर केबलमध्ये तारांच्या दोन जोड्यांचं (प्रत्येक लाइनला दोन तारांची एक जोडी असते) इन्सुलेशन खराब होऊन त्या एकमेकींना लागल्या आहेत.

माणसाच्या कानाला जेमतेम जाणवणारी खरखर मोडेमला असह्य असते. फोनवरचं बोलणं ४ किलोहर्ट्झच्या आत आटोपतं. नेटचा डेटा त्याच तारेवरून साधारण २६ किलोहर्ट्झपासून वर, एडीएसएल२ प्लस या तांब्यावरच्या वेगवान प्रकारात तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत धावतो. एवढ्या वरच्या कंपनांना एक सैल जोडही पुरेसा अडथळा असतो.

आणखी एक लक्षण ध्यानात ठेवा: फोन पूर्ण मुका, डायल टोन नाही, पण नेट रडतखडत चालू. अशा वेळी लोक म्हणतात, "नेट चालू आहे ना, मग लाइन बरोबर आहे." तसं नसतं. जोडीतली एक तार तुटली तर फोन बंद पडतो, पण वरच्या कंपनांचा सिग्नल कसाबसा पलीकडे पोहोचतो आणि मोडेम अगदी कमी वेगाने जोडलेला राहतो. ही तक्रार "नेट स्लो" म्हणून न देता "फोन डेड" म्हणून द्या, ती लवकर मार्गी लागते.

स्प्लिटर नसला तर चालतं का?

चालतं, पण वाईट चालतं. स्प्लिटर ही छोटी डबी बोलण्याचा आवाज आणि डेटा वेगळे करते. ती नसली तर फोन वाजला की नेट तुटतं किंवा बोलताना कानात शीळ येते. घरात दुसऱ्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर पॅरलल फोन काढला असेल, तर त्यालाही फिल्टर हवा. सोपा उपाय असा की लाइन घरात शिरते तिथेच स्प्लिटर लावा, एक तार मोडेमला द्या आणि बाकी सगळे फोन दुसऱ्या तारेवर घ्या. स्वस्तातला स्प्लिटर वर्ष-दोन वर्षांत बिघडू शकतो. शंका असेल तर तो काढून मोडेम सरळ लाइनवर लावून बघा. स्पीड वाढला तर दोष स्प्लिटरचा, नवा घ्या.

घरातली वायर बदलून फरक पडतो का?

बऱ्याच घरांत पडतो, आणि कधी कधी सगळा दोष तिथेच निघतो. भिंतीवरची पांढरी चौकोनी डबी, तिला लाइनमन रोझेट म्हणतात, तिचा एक स्क्रू काढून झाकण उघडा. आत काय दिसतं ते बघा. तांब्यावर हिरवट थर, स्क्रूभोवती गंज, मुंग्यांनी आणून टाकलेली माती, पालीची अंडी, आणि स्क्रूखाली दाबलेल्या तारेचे दोनच धागे शिल्लक. खिडकीशेजारच्या डबीत हे हमखास असतं. तारेचं टोक कापा, अर्धा इंच नवं तांबं सोला आणि स्क्रूखाली घट्ट दाबा. डबीच गंजली असेल तर नवी बसवा, ती इलेक्ट्रिकलच्या दुकानात स्वस्तात मिळते.

एक काळजी मात्र घ्या. लाइनवर नेहमी ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, त्याचा धक्का बसत नाही. पण त्याच वेळी कुणाचा फोन आला तर घंटीचा एसी व्होल्टेज ७५ च्या वर जातो आणि ओल्या हाताला चांगला झटका बसतो. हात कोरडे ठेवा, तांब्याला बोट लावू नका.

डबी बघून झाली की बाहेर जा आणि घरापर्यंत येणाऱ्या तारेवर नजर फिरवा. सज्जाखाली किंवा गच्चीच्या कठड्याशी काळी टेप गुंडाळलेला एखादा जोड सापडेल. ही टेप नागपूरच्या उन्हात वितळून सुटते आणि जोड उघडा पडतो. तो जोड काढून, अखंड तार ओढून घेणं हाच खरा इलाज आहे. मोडेमपर्यंतची घरातली तारही जितकी आखूड, तितकी बरी. बाजारात मिळणारी चपटी लांब तार दहा-पंधरा मीटर ओढू नका. तिला पीळ नसतो आणि ती आजूबाजूचा सगळा गोंगाट ओढून घेते. लांब न्यायचीच असेल तर पीळ असलेली केबल वापरा आणि ती विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नका.

कूलर लावला की नेट तुटतं. काहून होत असेल?

हा प्रश्न मार्चच्या शेवटापासून सुरू होतो आणि त्यात तथ्य आहे. याला तीन कारणं असू शकतात. पहिलं, कूलर खिडकीत असतो आणि फोनची तार बहुधा त्याच खिडकीतून आत येते. कूलरचं पाणी तारेच्या जोडावर ठिबकत असेल, तर एप्रिलमध्येच तिथे पावसाळा सुरू होतो. दुसरं, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, ढिली स्विच किंवा ठिणग्या टाकणारा प्लग रेडिओ लहरींचा गोंगाट करतो आणि मोडेम तो पकडतो. तिसरं, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर कूलर आणि मोडेम असले तर मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतो आणि मोडेम रीस्टार्ट होतो.

दोष कशाचा हे शोधायला घरात जुना मीडियम वेव्हचा रेडिओ असेल तर तो बाहेर काढा. जिथे कोणतंही स्टेशन लागत नाही अशा जागी सुई ठेवा आणि रेडिओ मोडेमजवळ, मग कूलरजवळ, एलईडी दिव्याजवळ, स्वस्त चार्जरजवळ न्या. जिथे घुर्रर्र वाढेल तिथे गोंगाट आहे. तेवढी एक वस्तू बंद करा आणि मोडेमच्या पानावरचा एसएनआरचा आकडा (तो कुठे दिसतो ते पुढे सांगितलं आहे) सुधारतो का बघा. मोडेम वेगळ्या सॉकेटवर न्या. तार कूलरपासून दूर, दुसऱ्या बाजूने आत घ्या.

मे महिन्यात दुपारी मोडेम हँग होतो, संध्याकाळी आपोआप ठीक होतो. मोडेम खराब झाला का?

बहुधा नाही, तो तापतो आहे. बहुतेक घरगुती मोडेम ० ते ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालतील असे बनवलेले असतात. नवतपात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि गच्चीखालची किंवा टिनाच्या छपराची खोली दुपारी सहज चाळिशी ओलांडते. त्यात मोडेम बंद कपाटात किंवा सेट-टॉप बॉक्सवर ठेवला असेल तर काय बोलायचं! त्याला भिंतीवर उभा टांगा, चारही बाजूंनी हवा लागू द्या. जमलं तर खालच्या मजल्यावर किंवा आतल्या थंड खोलीत न्या. कूलरच्या थेट झोतात मात्र नको, ती हवा दमट असते आणि आतले जोड गंजतात.

तापमानाचा तारेवरही परिणाम होतो. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, २५ अंशांच्या फरकाला सुमारे दहा टक्के. खांबावरून आलेल्या लांब लाइनला भर दुपारी त्यामुळे थोडा स्पीड कमी मिळणं स्वाभाविक आहे. जी लाइन आधीच कशीबशी चालते, ती अशा वेळी तुटायला लागते.

पहिला पाऊस पडला की नेट जातं, चार दिवस ऊन पडलं की येतं.

म्हणजे कुठेतरी जोडात पाणी शिरतंय. घरातल्या डबीत नसेल तर ते खांबावरच्या डब्यात, रस्त्याकडेच्या पिलरमध्ये (केबलचे जोड असलेल्या पेटीत) किंवा जमिनीखालच्या जोडात असतं. हे काम तुमच्या हातातलं नाही. पण वाळल्यावर आपोआप सुरू झालं म्हणून तक्रार मागे घेऊ नका. दर पावसाला तो जोड आणखी गंजतो. पाणी असतानाच तपासणी व्हायला हवी, कारण कोरड्या दिवशी लाइनमनच्या मीटरला सगळं ठीक दिसतं.

विजा चमकायला लागल्या की मोडेमची वीज आणि फोनची तार, दोन्ही काढा. आपल्याकडे अवकाळी पाऊस एप्रिल-मेमध्येच वादळ घेऊन येतो, आणि फोनच्या तारेवरून आलेला झटका मोडेमसह लॅपटॉपचं पोर्टही जाळतो.

माझ्या मित्राला धरमपेठेत १६ मिळतो, मला बेसाकडे ४. प्लॅन एकच. असं का?

एक्स्चेंजपासूनच्या, म्हणजे जिथून तुमची लाइन निघते त्या टेलिफोन केंद्रापासूनच्या अंतरामुळे. एक किलोमीटरच्या आत असलात तर २० एमबीपीएसच्या आसपास मिळू शकतो, तीन किलोमीटरवर तो ८ च्या घरात येतो आणि पाचवर एक-दोन राहतो. हे अंतर गाडीच्या रस्त्याचं किंवा नकाशावरच्या सरळ रेषेचं नाही, केबल जशी फिरली तसं मोजायचं. एक्स्चेंज समोर दिसत असलं तरी केबल दोन चौक फिरून आली असू शकते. अंतराने गेलेला स्पीड कोणताही मोडेम परत आणू शकत नाही. तुमच्या लाइनला ४ च शक्य असेल तर १६ चा प्लॅन घेऊन पैसे घालवू नका.

अंतरामुळे की दोषामुळे, हे मला कसं कळेल?

मोडेमच्या पानावर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (काही मोडेमचा पत्ता वेगळा असतो, तो खालच्या लेबलवर छापलेला असतो). आत 'स्टेटस' किंवा 'डीएसएल' नावाचं पान असतं. तिथे चार गोष्टी बघायच्या.

लाइन अॅटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती क्षीण झाला. २० डेसिबलच्या आत असेल तर उत्तम, ४० पर्यंत ठीक, ६० च्या वर फारशी आशा नाही. हा आकडा मुख्यतः अंतर सांगतो आणि तो सहसा बदलत नाही. एकाएकी वाढला तर जोडात बिघाड आहे.

एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नल किती उरला. १० च्या वर निश्चिंत, ६ च्या खाली गेला की लाइन तुटायला लागते. हा दिवसभर हलतो, म्हणून तीन वेळा बघा.

सीआरसी एरर, म्हणजे वाटेत खराब झालेले डेटाचे तुकडे. तासाभरात थोडे वाढले तर चालतं. नजरेसमोर भराभर पळत असतील तर तार आजारी आहे.

आणि शेवटी सिंक स्पीड, म्हणजे मोडेम किती वेगाने जोडला गेला. अॅटेन्युएशन २५ असून सिंक २ एमबीपीएस असेल, तर ते अंतराचं कारण नाही, दोष आहे. अॅटेन्युएशन ५८ असून सिंक २ असेल, तर लाइन बिचारी आपल्या ताकदीप्रमाणे चालते आहे. या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एक चांगल्या दिवसाचा आणि एक वाईट दिवसाचा.

फक्त रात्री स्लो होतं.

आधी मोडेमचं पान बघा. सिंक स्पीड तोच असून टेस्टमध्ये कमी येत असेल, तर कंपनीच्या पुढच्या जाळ्यात गर्दी आहे. त्यावर तुम्ही तक्रारीशिवाय काही करू शकत नाही. पण रात्री एसएनआर पडत असेल तर कारण वेगळं. मीडियम वेव्ह रेडिओच्या लहरी अंधार पडल्यावर शेकडो किलोमीटर दूर जातात, आणि त्यांचा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा पट्टा नेमका ब्रॉडबँडच्या पट्ट्यात येतो. आपल्या नागपूर आकाशवाणीचं ५८५ किलोहर्ट्झही त्यातच. चांगल्या पिळाच्या, नीट जोडलेल्या तारेला याचं काही वाटत नाही, मोडेम तेवढी कंपनं सोडून देतो. उघडे जोड आणि चपट्या लांब तारा मात्र अँटेनासारखं काम करतात. म्हणजे इलाज पुन्हा तारेचाच.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात स्लो होतं.

बहुधा प्लॅनमधली डेटाची मर्यादा संपली, म्हणून वेग कमी झाला. कंपनीच्या पोर्टलवर किंवा अॅपवर वापर तपासा. वापर अवाच्या सवा दिसत असेल तर वायफायचा पासवर्ड बदला.

मोडेम रोज बंद-चालू केला तर बरं का?

हँग झाला तर करा, रोज कशाला? रीस्टार्ट केला की एररचे आकडे शून्य होतात आणि दोषाचा पुरावा पुसला जातो.

डीएनएस बदलला की स्पीड वाढतो म्हणतात.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. तिथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकल्याने पान उघडायला सुरुवात लवकर होऊ शकते. लाइनचा वेग तोच राहतो.

आमच्या रस्त्याचं सिमेंटीकरण झालं, तेव्हापासून अर्ध्या गल्लीचं नेट बिघडलं.

खोदकामात केबल कापली किंवा ओढली जाते, घाईत जोडली जाते आणि वरून काँक्रीट पडतं. सिमेंट रस्ते, मेट्रो, पाण्याच्या लाइनी, मलवाहिन्या, आपल्या शहराने खोदकाम भरपूर बघितलं आहे. इथे एकट्याने भांडून भागत नाही. गल्लीतल्या ज्यांच्या ज्यांच्या लाइन बिघडल्या, त्यांनी एकाच दिवशी आपापली तक्रार नोंदवावी आणि प्रत्येकाने शेजाऱ्यांचे तक्रार क्रमांक सांगावेत. एक लाइन बिघडली तर घरातलं काही असेल असं समजतात, दहा बिघडल्या तर केबलकडे बघावंच लागतं.

तक्रार कुठे आणि कशी?

लाइन बिघाडाचा नंबर १९८, किंवा कंपनीचं अॅप. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. "नेट स्लो आहे" एवढंच सांगितलं तर मोडेम रीस्टार्ट करा असं उत्तर येणार. त्याऐवजी असं सांगा: "मोडेम काढून, साध्या फोनवर खरखर येते. एसएनआर रात्री ४ पर्यंत पडतो. घरातली वायर आणि स्प्लिटर बदलून बघितला." दोष बाहेर आहे हे एवढ्यावरून समोरच्याला कळतं आणि लाइनमनला पाठवण्याशिवाय त्याच्याकडे पर्याय उरत नाही.

तक्रार निकाली न निघता बंद केली तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला ते ठेवावं लागतं. तक्रारीची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं, आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. अपीलाला फी नाही.

लाइनमन आले की त्यांना काय सांगू?

आधी पाणी द्या, उन्हातून आलेले असतात. मग तुमची वही आणि फोटो दाखवा. कुठे काय बघितलं ते सांगा, म्हणजे त्यांचा अर्धा तास वाचतो. तुमची जोडी पिलरपर्यंत ठीक आहे का, हे ते मीटर लावून बघू शकतात. दोष पिलरच्या पलीकडे निघाला तर विचारा, "भाऊ, केबलमध्ये दुसरी चांगली पेअर मोकळी असेल तर त्यावर टाकता का?" जुन्या केबलमध्ये दोष शोधत बसण्यापेक्षा जोडी बदलणं लवकर होतं. सगळी तार ठीक असूनही सिंक कमीच असेल, तर एक्स्चेंजमधला पोर्ट बदलून बघायला सांगा. ते जाण्याआधी त्यांच्यासमोरच मोडेम लावा आणि नवे आकडे लिहून घ्या.

एवढं करण्यापेक्षा फायबर घेऊन मोकळं व्हावं का?

दारापर्यंत फायबर आलं असेल आणि घरात दोन-तीन जण एकाच वेळी व्हिडिओवर असतात, तर हो, घ्या. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, २०१३ मध्ये ते ५१२ केबीपीएस झालं, आणि २०२३ पासून किमान २ एमबीपीएस लागतो. एक्स्चेंजपासून लांबच्या तांब्याला तेवढाही कधी कधी जड जातो. काचेच्या तारेला ओल, गंज, रेडिओ यांचा त्रास नाही.

पण घरात एकटे राहणारे आई-वडील असतील तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. तांब्याच्या लाइनवरच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळते, घरातली लाइट गेली तरी तो वाजतो. फायबरवरचा फोन घरच्या विजेवर चालतो. म्हणून फायबर घेताना त्याची डबी इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावून घ्या, मोडेम वेगळा असेल तर तोही. जुना नंबर कायम राहतो का, हे अर्ज भरतानाच विचारा, आणि नव्या जोडणीवर फोन वाजायला लागेपर्यंत जुनी लाइन कापू देऊ नका.